खिळ्याचा की बिनखिळ्याचा

आमच्या घरी बर्फ दोनच कामांसाठी यायचा. उन्हाळ्यात पाहुणे आले तर सरबतात घालायला, आणि कुणाला ताप चढला तर कपाळावर ठेवायला. तोही गोणपाटात गुंडाळलेला, भुसा चिकटलेला. तरी एका वर्षी डिसेंबरात आठ-दहा दिवस आमच्याकडे बर्फाशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि त्याला कारण आमचे आबा.

आबा म्हणजे माझे वडील. गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. झिजून गुळगुळीत झालेला टायर आधी घासायचा, त्यावर नव्या रबराचा पट्टा चढवायचा, मग साच्यात घालून वाफेवर शिजवायचा आणि नवी नक्षी उठवून गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचा, हा त्यांचा धंदा. त्यांच्या सदऱ्यांना शिजलेल्या रबराचा वास कायमचा बसला होता. आई ते सदरे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि वर बोलूनही दाखवायची.

दुकानात कुणी आलं की आबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "गाडी कुठं चालवतोस?" शिरोळकडं उसाच्या फडात गाडी घालणाऱ्याला ते रुंद खाचांची नक्षी द्यायचे, म्हणजे काळी माती खाचेत अडकून बसत नाही. गगनबावड्याचा घाट पावसात चढणाऱ्याला वेगळी. कुणी म्हणालं, "तुम्हाला वाटंल ती द्या की," तर आबा चिडायचे. "मला काय वाटतंय ते सोड. रस्ता काय म्हणतोय ते सांग." अंगठ्याचं नख रबरात रोवून ते रबराची जात ओळखायचे, आणि बारीक चीर शोधायला खिशात एक भिंग ठेवायचे. त्यांचा शब्द ट्रकवाल्यांमध्ये कुणी मोडत नसे.

घरात मात्र त्यांचा शब्द माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, मोडला होता. खरं तर मोडायला तो शब्द तिनं मागितलाच नव्हता. ती पुण्याला नोकरीला होती. तिथंच ऑफिसातल्या एका मुलाशी तिनं रजिस्टर लग्न केलं आणि मग घरी पत्र टाकलं. मुलगा शिकलेला, सरळ, निर्व्यसनी. आबांचंही त्याच्याविषयी काही म्हणणं नव्हतं. त्यांचं म्हणणं एकच, "मला विचारलं न्हाय." पुढं आक्का नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली, आणि आबांनी तिला चार वर्षांत एक ओळ लिहिली नाही. तिची पत्रं, सोबत कधी एखादा फोटो, आईच्या नावानं यायची. मी ती मोठ्यानं वाचायची, कारण आईचा चष्मा ऐन वेळी कधी सापडत नसे. आबा समोर वर्तमानपत्र धरून बसायचे आणि पत्र संपेपर्यंत त्यांचं पान उलटायचं नाही. ऐकायचं असतं तर सरळ ऐका की, असं माझ्या अगदी ओठांवर यायचं. मी नुकती शाळेत मास्तरीण झाले होते, आणि कुणी ऐकत नसल्याचं सोंग केलं की माझं डोकं फिरायचं. पण त्याहून जास्त वाईट वाटायचं. एवढा चांगला माणूस, आणि एवढ्याशा गोष्टीवर हटून बसलेला.

त्या डिसेंबरात, उसाचा हंगाम जोरात असताना, परदेशी तिकिटाचं एक जाड पाकीट घरी न येता दुकानात गेलं. त्यावर आबांचं नाव होतं. आबांनी ते न फोडता घरी आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, "वाच. धंद्याचं दिसतंय."

पत्र आक्काचं होतं. 'तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार' झाल्यावर ती थेट मुद्द्यावर आली होती. ती मोटार चालवायला शिकली होती. ऑफिस लांब, तिकडं बस जात नाही. पहिला बर्फ पडला त्या दिवशी ब्रेक दाबल्यावर मोटार रस्त्यातच गर्रकन फिरली आणि तोंड घराकडं करून उभी राहिली. लागलं कुणालाच नाही. पण तिकडं थंडीत टायर वेगळे घालावे लागतात आणि ते दोन तऱ्हेचे मिळतात. एका तऱ्हेत रबरात पोलादी खिळे ठोकलेले असतात. दुसऱ्यात खिळे नसतात, रबर मऊ असतं आणि त्याला बारीक चिरा असतात. शेवटी तिनं लिहिलं होतं, 'इथं जो तो वेगळं सांगतो. टायरच्या बाबतीत माझा तुमच्याशिवाय कुणावर विश्वास नाही. आबा, कुठले घेऊ? तुम्ही सांगाल ते घेईन.'

पाकिटात एक फोटो होता. लाल मोटार, सगळीकडं बर्फ, आणि मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी असलेली आक्का. पुढचं चाक कॅमेऱ्याकडं वळलेलं. आक्कानं एवढा जाड कोट आणि टोपी घातली होती की नाकाशिवाय काही दिसत नव्हतं. ते नाक बघून आई म्हणाली, "वाळलीय गं पोरगी."

आबांनी फोटो घेतला, खिडकीपाशी गेले, खिशातलं भिंग काढलं आणि बघत राहिले. आईनं मला कोपरानं ढोसलं. बराच वेळ झाल्यावर, आम्ही काही विचारलेलं नसताना, ते म्हणाले, "टायर बगतोय."

"व्हय, टायरच असणार," आई म्हणाली आणि हसू लपवायला स्वयंपाकघरात गेली.

हात धुताना आबा स्वतःशीच पुटपुटले, "विचारलंय तिनं." मी ऐकलं. मला एवढा आनंद झाला की त्यांच्या हातावर मी गरजेपेक्षा दुप्पट पाणी ओतलं. पण लगेच धास्तीही बसली. आबांनी उभ्या जन्मात रस्त्यावर बर्फ पाहिला नव्हता, आणि 'मला ठाऊक नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. उत्तर सापडलं नाही तर हा माणूस पुन्हा गप्प बसेल, आणि या खेपेला कायमचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हातकणंगल्याच्या एका ट्रकवाल्याला बोलावून घेतलं. तो आधी लष्करात ड्रायव्हर होता आणि दोन हिवाळे डोंगरात बर्फावर गाडी चालवून आला होता. आबांनी त्याला चहा दिला आणि नेहमीचा प्रश्न उलटा विचारला, "पावणं, त्यो बर्फाचा रस्ता कसा असतोय?"

"ताजा पडला की रांगोळीगत असतोय," ट्रकवाला म्हणाला. "चाक रुततंय, पर चालतंय. रात्रीत गोठला की मग खरं. तवा काच हुतीया काच. आमी साखळ्या बांधायचो चाकाला."

"आन् रबर?"

"रबर लाकडागत हुतंय की थंडीनं. बुटाचा तळवासुदा कडक व्हायचा."

आबांनी कप खाली ठेवला. "लाकडागत," ते म्हणाले, आणि उठून ढिगातले रबराचे तुकडे नखानं दाबून बघायला लागले.

रविवारी सकाळी त्यांनी मला बर्फाच्या कारखान्यात नेलं. बरोबर पिशवीत रबराचे तीन तुकडे. एक ट्रकच्या पट्ट्याचा, कडक. एक पट्टा चिकटवायला मधे घालतात त्या मऊ रबराचा, वाफेवर शिजवून घेतलेला आणि वर ब्लेडनं बारीक चिरलेला. तिसरा कडकच, पण आरपार खिळे ठोकून टोकं बाहेर काढलेला. आदल्या दिवशीच त्यांनी कारखान्याच्या मालकाला गळ घालून तिन्हींसारखा आणखी एकेक तुकडा बर्फ गोठवायच्या डब्यांशेजारी गारठायला ठेवल्या होत्या. मी वही घेऊन उभी. "लिहून घे," म्हणाले. रविवारीसुद्धा मास्तरकी.

पहिला प्रयोग फसला. मालकानं बाहेर काढलेली लादी फळीवर ठेवून, तिच्यावर तुकडे मांडून आबांनी फळीचं एक टोक उचललं, तशी तिन्ही तुकड्यांच्या आधी लादीच सुटली आणि मालकाच्या पायापाशी जाऊन फुटली. मालक म्हणाले, "आवं, मी बर्फ विकायला बसलोय, घसरगुंडी काढली न्हाय!" दुसरी लादी मिळाली, पण तोवर उन्हात तिच्यावर पाणी सुटलं, आणि खिळे असोत की नसोत, सगळेच तुकडे खाली. मला हसू आवरेना. आबा मात्र खाली बसून लादीवरून हात फिरवत होते. "पाणी," ते म्हणाले. "बर्फ न्हाय घसरवत. वरचं पाणी घसरवतंय. चिरा कशाला ठेवल्यात ते कळलं आता. पाणी आत वढून घ्यायला."

मग आम्ही आत, डब्यांच्या खोलीत गेलो. तिथं अशी थंडी की माझे दात वाजायला लागले आणि वहीतलं अक्षर माझं मलाच लागेना. आबांनी गारठवलेले तुकडे हातात घेऊन एकेकात नख रोवलं. कडक रबरात नख शिरेना. मऊ रबर अजून दबत होतं. कडक तुकडा लादीवर ठेवल्या ठेवल्या निघाला. मऊ तुकडा फळी चांगली उचलल्यावर हलला. खिळ्यांचा तर जागेवर रुतून बसला. मला वाटलं, झालं, खिळे जिंकले. मी तसं लिहूनही टाकलं.

"खोड ते," आबा म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी खिळ्यांचा तुकडा कारखान्याच्या गुळगुळीत सिमेंटवर ठेवला, वर पाय दिला, आणि करकर आवाज करत स्वतःच दीड हात पुढं गेले. मालकांनी दंड धरला म्हणून पडले नाहीत. "बगितलंस? समद्या वाटंवर काय बर्फ असणार न्हाय. झाडून काढलेला रस्ता लागला की खिळा असा दगा देतोय."

त्या दुपारी आबांनी चार वर्षांत पहिल्यांदा लेकीला पत्र लिहिलं. दुकानाच्या छापील कागदावर. वर छापलेलं, 'आमचेकडे ट्रक, ट्रॅक्टर व जीपचे टायर खात्रीशीर रिमोल्ड करून मिळतील.' खाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात, 'आपले पत्र पोचले. आपण विचारल्यावरून चौकशी केली. बिनखिळ्याचे, मऊ रबराचे टायर घालावेत. चारही चाकांना घालावेत, दोनच घालून भागवू नये. थंडी संपताच उतरवून ठेवावेत, मऊ रबर उन्हात लवकर झिजते. ब्रेक हलके दाबावेत. पोचल्यावर कळवावे.'

"पोचल्यावर कळवावे?" मी विचारलं. "आबा, ती रोज ऑफिसला जाते."

"मग रोज कळवू दे," आबा म्हणाले आणि पाकीट चिकटवलं.

आक्कानं खरंच कळवलं. रोज नाही, पण दर पंधरवड्याला आबांच्या नावानं एक कार्ड यायला लागलं, 'पोचले.' आबा ती कार्डं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे आणि बिनखिळ्याच्या टायरचं सगळं शास्त्र समजावून सांगायचे. उसाच्या ट्रकवाल्यांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता, पण ऐकावं लागे.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, आक्का नवऱ्याला आणि लहान लेकीला घेऊन घरी आली. पहिल्याच दिवशी आम्ही सगळे जेवायला बसलो असताना आबा जावयाला बर्फाच्या कारखान्याची गोष्ट सांगायला लागले. आक्का खाली मान घालून ऐकत होती. मधेच तिला राहवेना. म्हणाली, "आबा, एक सांगू? रागावू नका. मी पत्र लिहिलं तेव्हा टायर घालून झालेले होते. बिनखिळ्याचेच. तुम्ही माझ्याशी बोलावं म्हणून विचारलं मी."

मी आबांच्या तोंडाकडं बघितलं. आता हा माणूस ताटावरून उठतोय, असंच वाटलं मला. जावई भात कालवायचे थांबले.

आबांनी शांतपणे भाकरी मोडली. "म्हाईत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"फोटूत दिसत हुतं की. चाक वळलेलं. नक्षीच्या कडा कोऱ्या, एक बी मोडलेली न्हाय. खिळा कुठं न्हाय. चार दिसांचा बी टायर नव्हता त्यो."

म्हणजे भिंगातून ते खरोखरच टायर बघत होते. आईचा हात वाढता वाढता थांबला. मला मात्र संतापच आला. "मग मला त्या थंडीत कुडकुडत कशाला उभं केलंत? टायर घातलेलेच होते तर ते प्रयोग कशाला?"

"कशाला म्हंजे?" आबांचा आवाज चढला. "पोरगी त्याच टायरवर फिरत हुती. त्ये बरं हाईत का न्हाईत, बगाय नको?"

आक्काचे डोळे भरून आले, आणि माझेही. ते लपवायला मी उगाच विचारलं, "आणि तिनं विचारलंच नसतं तर?"

"तर काय?" आबा भाकरीकडं बघत म्हणाले. "फोटू तर आला असता की."