औंढ्याच्या बंदुकीचं सील

दोन बार उडाले. तिसऱ्याला नुसतं टक् झालं.

जानेवारीची सकाळ, साडेसातचा सुमार. औंढा नागनाथच्या बाहेर एका जुन्या खदानीत आम्ही पोलिसांची परवानगी काढून उभे होतो. बंदूक बँकेच्या औंढा शाखेचे पहारेकरी राठोड हवालदार यांच्या हातात. त्यांनी पंप मागे ओढला, पुढे ढकलला, पुन्हा ट्रिगर दाबला. पुन्हा टक्.

"हाफ स्ट्रोक," पाठक साहेब म्हणाले आणि पॅडवर लिहायला लागले.

"न्हाई साहेब, म्या पूर्ण ओढला," राठोड म्हणाले.

"मी पाहिलं ना. तुम्ही अर्धाच ओढलात."

मी हिंगोलीचा लायसन्सवाला बंदूक दुरुस्तीवाला. वडिलांचं दुकान, त्यांच्या आधी आजोबांचं. लोक मला मिस्त्री म्हणतात. ही गोष्ट हिंगोली जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हाची. एका बँकेला आपल्या पहारेकऱ्यांच्या जुन्या दुनळ्या बदलून पंप-ॲक्शन बंदुका घ्यायच्या होत्या. पाठक साहेब त्या बँकेचे सिक्युरिटी ऑफिसर, परभणीच्या हेड ऑफिसात बसायचे. कुठली बंदूक कमी तकलीफ देते हे तपासायला त्यांनी तीन बनावटींच्या तीन बंदुका आणल्या आणि पावसाळ्याआधी हिंगोली, औंढा आणि पुसेगाव अशा तीन शाखांना एकेक वाटली. सात-आठ महिन्यांनी परीक्षा. परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं.

पंप-ॲक्शन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. दुनळीत दोन काडतुसं बसतात. ती उडाली की बंदूक मोडून, म्हणजे मधून वाकवून, नवीन भरा. पंप-ॲक्शनला नळी एकच, पण तिच्याखाली आणखी एक बंद नळी असते. तिला मॅगझिन म्हणतात. त्यात चार-पाच काडतुसं एकामागे एक रांगेत असतात आणि मागून एक स्प्रिंग त्यांना ढकलत असते. डाव्या हातातली मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढे ढकलली की रांगेतलं नवीन काडतूस नळीत जातं. मूठ पुरती मागे ओढली नाही तर नवीन काडतूस वर येत नाही. त्याला हाफ स्ट्रोक म्हणतात. घाबरलेला किंवा नवखा माणूस हमखास ही चूक करतो.

तीन बंदुकांचं म्हणाल तर तिघींचे तीन स्वभाव होते. हिंगोलीची अंगानं पोलादी, जड. पंपाला दोन दांड्या, त्यामुळे मूठ कशीही ओढली तरी वाकडी होत नाही. पण पावसाळ्यात तिच्यावर गंज चढला. श्रावणात ती माझ्याकडे आली, मी न खोलता बाहेरूनच घासून दिली. पुसेगावची सगळ्यात स्वस्त. पंपाला दांडी एकच, चालवताना खुळखुळ आवाज, आणि आतल्या पिना इतक्या बारीक की जमिनीवर पडली तर शोधत बसा. औंढ्याची मधल्या किमतीची. अंग ॲल्युमिनियमचं, गंजायचा प्रश्नच नाही, वजनाला हलकी, दांड्या दोन, आणि पुढचं एक बूच फिरवलं की सगळं खुलं होतं. मला हीच आवडली होती. पाठक साहेबांनाही हीच घ्यायची होती. आणि हीच अडली.

तिघींच्याही पुढच्या बुचावर पाठक साहेबांनी स्वतःच्या हातानं लाखेचं सील मारलं होतं. वर सर्क्युलर काढलं होतं, की पहारेकऱ्यांनी बंदूक खोलू नये, खोलल्यास नोकरीवरून कमी करण्यात येईल. पहारेकरी उगाच खोलतात, पार्ट हरवतात, मग कंपनी वॉरंटी देत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी मलाही त्यात काही गैर वाटलं नव्हतं, हे कबूल करतो.

खदानीत पुसेगावची खुळखुळत का होईना, पण पाचही बार उडवून मोकळी झाली. हिंगोलीचीही बरोबर चालली. औंढ्याची राहिली.

पाठक साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मिस्त्री, गन चांगली आहे हे तुम्हीच म्हणालात. मग फॉल्ट कुणाचा?"

"बहुतेक हाताचा," मी म्हणालो.

"बस. तेवढं रिपोर्टमध्ये लिहा. हँडलिंग फॉल्ट. मी राठोडचं कॉन्ट्रॅक्ट संपवतो. पंप ओढता येत नाही असा गार्ड मला नको."

"बंदूक एकदा दुकानात नेऊन बघतो, मग सही करतो," मी म्हणालो. न बघता सही करायची नाही, ही वडिलांची शिकवण. साहेबांचा मुक्काम दोन दिवस हिंगोलीच्या रेस्ट हाउसवर होताच. ते तयार झाले.

दुकानात पोचेपर्यंत दुपारचे बारा वाजले. डमी काडतुसं, म्हणजे दारू नसलेली, मॅगझिनमध्ये भरली आणि पंप ओढला. खट-खट, खट-खट. एकही अडलं नाही. चार वेळा भरलं, चार वेळा रिकामं केलं. बंदूक लोण्यासारखी चालली. म्हणजे दोष हाताचाच, असं धरून मी रिपोर्टचा कागद काढला. पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात दारात राठोड उभे.

शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरचा माणूस. सतरा वर्षं फौजेत काढून आलेला. उंच, सडपातळ, मिशा पांढऱ्या, आणि थंडीतसुद्धा शर्टाची कॉलर बटणापर्यंत लावलेली. मी बसा म्हणालो, ते बसले नाहीत.

"मिस्त्री, तुमी काय लिहून राहिले ते मला ठावं हाय."

"हवालदार, बंदूक इथं चालून राहिली. तुमीच बघा." मी पुन्हा पंप ओढून दाखवला.

त्यांनी पंपाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "नोकरीचं म्हनाल तर जाऊ द्या. तांड्यावर चार एकर हायेत, पेन्शन येते. पर कागदावर असं येनार की लक्ष्मण राठोडला पंप ओढता येत न्हाई. सतरा वर्षं हत्यार हाताळलं म्या. पोरगं फौजेत हाय माझं. त्याला काय सांगू?"

"सकाळी थंडी होती, हात आखडला असंल..."

"कारगिलच्या बाजूला दोन हिवाळे काढले. औंढ्याच्या थंडीनं हात आखडतो व्हय माझा?"

खरं सांगतो, मला त्यांचा थोडा रागच आला. माझ्या दुकानात येऊन माझंच निदान चुकीचं म्हणतात म्हणजे काय? मी म्हटलं, उद्या बोलू. ते गेले, आणि मी सही न करताच पेनाला टोपण घातलं. बंदूक तिजोरीच्या खोलीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून डोक्याला तेल लावायला बाटली घेतली. उलटी केली तरी थेंब पडेना. बायको आतून म्हणाली, "अहो, गोठलंय ते. उन्हात ठेवा थोडं." आमच्याकडे जानेवारीत खोबरेल तेलाची बाटली रोज उंबऱ्यावर उन्हात ठेवावी लागते. पाच-दहा मिनिटांत पातळ होतं.

बंदूक अडली होती ती सकाळच्या गारठ्यात, आणि चालली ती दुपारी. मग डोकं न विंचरताच दुकानात गेलो.

गारठलेली बंदूक काढली, चार डमी भरल्या आणि पंप पुरता मागे ओढला, तीस वर्षं बंदुका हाताळलेल्या हातानं. पहिलं आलं. दुसरं आलं. तिसऱ्याला टक्. पुन्हा केलं, पुन्हा तिसऱ्यालाच टक्. आतली स्प्रिंग कशाला तरी चिकटत होती. आता बूच उघडणं आलं, पण त्यावर साहेबांचं सील. त्यांच्यासमोरच तोडायचं ठरवलं. रेस्ट हाउसला फोन केला, तशीच एक चिठ्ठी औंढ्याच्या पहिल्या जीपवाल्याकडे राठोडांसाठी दिली आणि बंदूक परत गार खोलीत ठेवली.

साहेब दहाच्या सुमारास आले, ते वैतागूनच. "रिपोर्ट तयार आहे ना?"

"आधी तुम्ही पंप ओढा."

त्यांनी ओढला. जोरात, पुरता, हाफ स्ट्रोकचं नावच नको म्हणून. तिसऱ्याला टक्. साहेबांनी बंदुकीकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. एवढ्यात राठोड येऊन दारात उभे राहिले होते. त्यांनीही ते पाहिलं. मी बंदूक दुकानासमोर उन्हात ठेवली आणि चहा मागवला. तो पिऊन होईपर्यंत आम्ही तिच्यासमोरून हललो नाही. नंतर साहेबांना म्हणालो, आता ओढा. खट-खट, सगळी काडतुसं बाहेर.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या परवानगीनं सील तोडतो, मग सांगतो."

लाख फोडली, बूच फिरवलं, स्प्रिंग ओढून काढली. स्प्रिंगवर पिवळा-लाल राडा होता. हळद, कुंकू आणि खोबरेल तेल, गारठ्यात गोठणारं आणि उन्हात पातळ होणारं. वेढ्यांमध्ये अडकलेले तांदळाचे तीन दाणे, कुंकवानं लाल झालेले. मी ते चिमट्यानं काढून कागदावर ठेवले.

"अक्षता," मी म्हणालो.

शस्त्राची पूजा आमच्याकडे खंडेनवमीला घरोघर होते. मी स्वतः माझ्या पान्यांना आणि कानशींना हळद-कुंकू वाहतो, दुसऱ्या दिवशी पुसून टाकतो. औंढ्याच्या शाखेत मॅनेजर साहेबांनी बंदुकीची पूजा केली होती, मनापासून केली होती. दुनळी असती तर पूजेनंतर मोडून चिंधी फिरवली की झालं असतं. पण पंप-ॲक्शनला खाली काडतुसं भरायचं तोंड असतं. तिथून आत गेलेलं बाहेर येत नाही.

"राठोड, तुम्ही हे होऊ कसं दिलं?" साहेबांनी विचारलं, पण आवाजात कालचा जोर नव्हता.

"मॅनेजर साहेबानं वाटीभर तेल खालच्या तोंडातून वतलं. म्हनले, शस्त्र कोरडं ठेवू नये. म्या म्हनलो, साहेब, खोलून पुसावं लागंल. ते म्हनले, सील हाय, सर्क्युलर हाय. मंग म्या अर्ज दिल्ता. हेड ऑफिसला. सील तोडायची परवानगी द्या म्हणून. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी."

साहेबांनी त्या तीन दाण्यांचा कागद जवळ ओढला. मग म्हणाले, "अर्ज आला होता. मी बाजूला ठेवला होता."

त्यांनी हे कबूल केलं, यासाठी मला तो माणूस अजून आवडतो. ते न बोलता निघून गेले असते, तरी त्यांना कोण विचारणार होतं? मला मात्र लाज वाटली. आदल्या दुपारी माझं पेन उघडलेलं होतं आणि आणखी एका मिनिटात राठोडांच्या सतरा वर्षांवर माझी सही झाली असती. मी तसं त्यांना तिथंच बोलून दाखवलं. ते म्हणाले, "केली न्हाई ना? मंग झालं." आणि मग पहिल्यांदा बसले.

"आता रिपोर्टमध्ये काय लिहिणार?" साहेबांनी विचारलं.

मी त्यांच्यासमोरच लिहिलं. बंदूक: उत्तम, हीच घ्यावी. हाताळणी: बरोबर. दोष: सील.

साहेबांनी वाचलं, 'सील' या शब्दावर थोडं थांबले आणि खाली स्वतःची सही केली.

बँकेनं औंढ्याचीच बनावट सगळ्या शाखांना घेतली. जुनं सर्क्युलर रद्द झालं. प्रत्येक पहारेकऱ्याला नळी साफ करायचा गज, चिंध्या आणि बंदुकीच्या तेलाचा डबा मिळाला, आणि दर शनिवारी बंदूक खोलून पुसायची असं ठरलं. ते शिकवायला पाठक साहेबांनी शाखाशाखांतून कुणाला फिरवलं असेल? लक्ष्मण राठोडांना. पुढच्या खंडेनवमीला औंढ्याला मॅनेजर साहेबांनी बंदुकीला नुसतं झेंडूचं फूल वाहिलं, असं राठोडांनीच मला सांगितलं.

एक गोष्ट मी त्या रिपोर्टमध्ये लिहिली नव्हती. पुसेगावची खुळखुळी एवढी साफ कशी चालली, याचं मला खदानीतच नवल वाटलं होतं. तिचं सील जवळून बघितलं तेव्हा कळलं. साहेबांची लाख गडद तांबडी होती, त्या सीलची जरा गुलाबी. तिथला पहारेकरी दर महिन्याला सील फोडून बंदूक पुसत होता आणि पोस्टातून आणलेल्या लाखेनं पुन्हा मारत होता. आता तो रिटायर झाला आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

म्हणजे ज्यानं हुकूम मोडला त्याची बंदूक चालली, आणि ज्यानं तो पाळून वर अर्जही केला त्याची नोकरी जाणार होती. कुठली बंदूक भरवशाची, असं मला आजही लोक विचारतात. मी सांगतो, जी तिच्या पहारेकऱ्याला खोलता येते ती. बंदुकीला सर्क्युलर वाचता येत नाही.