घशातला ख

दिवसभर हेडफोन लावून लोकांचं बोलणं ऐकायची नोकरी असली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. तेच कानात येऊन बसतात! २००४च्या सुमारास सिंगापुरात, आंग मो किओच्या आमच्या ऑफिसात आम्ही तिघी होतो: इस्रायलहून आलेली नुरित, इथलीच मेई आणि पुण्याची मी. काम काय, तर हिब्रू बोलण्यातला एकेक ध्वनी कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचं!

पहिल्याच आठवड्यात कळलं, हिब्रूत स्वर सहसा लिहीतच नाहीत. मी नुरितला विचारलं, "मग वाचता कसं?"

"अर्थ कळला की येतं वाचता."

"आणि अर्थ कसा कळतो?"

"वाचून!"

*

हिब्रूत घसा खरवडून काढलेला एक 'ख' आहे. रेकॉर्डिंगमधली खरखर घालवायला मी एक प्रोग्रॅम लिहिला. आवाज एकदम स्वच्छ! नुरितने एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं.

"छान. खरखर गेली. जाताना आमचे सगळे 'ख' घेऊन गेली!"

*

मेईला तो 'ख' काही केल्या जमेना. लंचला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, ती जीव तोडून प्रॅक्टिस करत होती. नूडल्सवाले अंकल गरम पाणी घेऊन धावत आले.

"घशात फिशबोन, आह?"

*

मग आम्ही सिंगापुरातल्या हिब्रू बोलणाऱ्यांना रेकॉर्डिंगला बोलावलं. क्लेमेंटीला मुलाकडे आलेल्या रिव्का मावशी आल्या. पानभर हिब्रू झरझर वाचलं. माइक चालूच होता आणि हेडफोनमध्ये मला ऐकू आलं, "अगंबाई, संपलं एकदाचं!"

मी धावतच रेकॉर्डिंगच्या खोलीत गेले. "मावशी, मराठी?"

"मग! अलिबागच्या ज्यू घरातला जन्म माझा. लग्न झालं नि इस्रायलला गेले."

आम्ही गप्पा मारत बसलो. तेवढ्यात उच्चार तपासणाऱ्या आमच्या मशीनचा स्क्रीनवर निकाल आला: हिब्रू बोलणारी व्यक्ती परकी, रेकॉर्डिंग बाद.

नुरितचा चेहरा पडला. "चूक मशीनची आहे. हे रेकॉर्डिंग मी काढून टाकणार नाही," ती म्हणाली. पण मावशींनी स्क्रीनकडे बोट दाखवून मलाच विचारलं, "काय गं म्हणतंय ते?"

खोटं बोलवेना. मी चाचरत सांगितलं.

मावशींनी वाकून मशीन नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं तिकडच्या आमच्या शेजारणी हेच म्हणतायत. पण त्यांनी ह्याला कधी सांगितलं?"