गळ्यावरचं माप

दुकानात मी लेकीसाठी कुर्ता बघत होते, पण लक्ष सगळं शेजारच्या काउंटरवर होतं. पन्नाशीतले एक गृहस्थ तिथे स्कर्ट बघत होते, एकटेच. बायकोसाठी खरेदीला आलेला पुरुष फोटो पाठवतो, फोनवर रंग विचारतो, वैतागतो. हे मात्र कापड बोटांत चुरगळून बघत होते, खिसा आहे का विचारत होते. मला संशय आला. कसला, ते आजही सांगता येणार नाही.

"वहिनींची कंबर किती?" दुकानदारानं विचारलं.

"माझ्याएवढीच," ते म्हणाले.

दुकानदार आणखी माल काढायला वळला. तेवढ्यात त्यांनी निळ्या स्कर्टचं बटण लावलं आणि त्याची कंबर स्वतःच्या गळ्याभोवती धरली. पँट घालून बघायची सोय नसली की आपण सगळे तसंच करतो. मानेमागे टोकं जुळली की ती कंबरेला बसते. टोकं जुळली. ते स्वतःशीच हसले. बायकोची कंबर आपल्याएवढी असली, तरी तिचं माप आपल्या गळ्यावर घेऊन कुणी असं हसत नाही. चोर पकडल्यासारखा मला आनंद झाला.

मग त्यांनी वर बघितलं. मी नजर हटवली नाही. त्यांचं हसू गेलं. स्कर्टची नीट घडी घालून त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि "घरी विचारून येतो," म्हणत पायऱ्या उतरून गेले.

"काय झालं हो यांना?" दुकानदारानं मला विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हणाले, आणि कुर्ता उलटून शिवण बघत राहिले.