बोईसरचा तहकूब डाव आणि बाबांची बुर्जी

त्या शनिवारी दुपारी बोईसरच्या हॉलमध्ये माझा डाव तहकूब झाला आणि जमलेल्या मंडळींनी मनातल्या मनात मला पोचवून टाकलं...

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. देशभरच्या कारखान्यांतल्या कामगारांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा होती, आणि औषध कंपनीत पॅकिंगला असलेली मी शेवटच्या फेरीपर्यंत सगळ्यांच्या पुढे होते. बढाई नाही, खेळायचेच मी तशी. शेवटच्या डावात नुसती बरोबरी झाली तरी कप माझा, हरले तर समोर बसलेल्या कानपूरच्या फिटरचा.

पटावर माझ्याकडे राजा, घोडा आणि एक प्यादं. त्याच्याकडे राजा, उंट आणि शेजारी शेजारी दोन प्यादी, एक पटाच्या अगदी कडेचं आणि एक त्याच्या आतलं, दोन्ही वजीर व्हायला निघालेली. त्याने पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद केली. ती कोणती असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. उरलेला डाव रविवारी सकाळी दहाला.

आमच्या टीमचे कॅप्टन साठे साहेब जवळ आले आणि हळूच म्हणाले, उद्या हसतमुखाने हात मिळव आणि मोकळी हो. मला असा राग आला ना... मी भोकांत मोहरे खोचायचा छोटा प्रवासी पट पर्समध्ये टाकला आणि आमच्या गावची, मुरब्याची, एसटी पकडली.

घरी आई अंगणात काठ्यांवर बोंबील उलटत होती. बाबा ओट्यावर जाळं शिवत बसले होते. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पट मांडला. बाबांजवळ मांडायची हिंमत नव्हती, कारण आम्ही दोघं एका पटावर बसून सात वर्षं झाली होती.

खरं तर बुद्धिबळ मला त्यांनीच शिकवलं. पण त्यांचं बुद्धिबळ देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर जातं. समोरच्याचं सगळं मरून नुसता राजा उरला की डाव तिथेच थांबतो, त्याला बुर्जी म्हणायचं. म्हणजे मात नाही, हार नाही.

कंपनीच्या क्लबात मी नवे नियम शिकले आणि घरी येऊन प्यादं दोन घरं पुढे टाकलं. "तुमच्यात प्यादी पन घायकुतीला आल्यात," ते म्हणाले. मी फणकाऱ्याने म्हटलं, तुमचं बुद्धिबळ आता कुत्रंसुद्धा खेळत नाही. त्यांनी लाकडी पट उचलून फळीवर टाकला... आणि पुन्हा काढला नाही. आजही ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते.

तर त्या दुपारी मी घोडा वाचवायच्या सगळ्या वाटा शोधल्या. घोडा वाचला की त्याचं प्यादं वजीर होत होतं, प्यादं अडवलं की घोडा मरत होता. दोन तास झाले. शेवटी मागून आवाज आला...

"किती कुरवाळशील त्या घोड्याला? दे टाकून."

मी वळून पाहिलं. जाळं मांडीवर तसंच, सुई हातात, नजर माझ्या पटावर. "प्यादं पन दे. सगलं खाऊ दे त्याला. राजा तेवढा कोपऱ्यात घाल. बुर्जी व्हईल, हार नाय."

मी आवाज शक्य तितका सौम्य ठेवून सांगितलं की बाबा, आमच्यात बुर्जी नसते, नुसत्या राजालाही मारतात. त्यांनी माझा घोडा देऊन फिटरचं आतलं प्यादं उचललं, माझं प्यादंही काढलं, माझा राजा कोपऱ्यातल्या घरात ठेवला, त्यावर बोट टेकवलं आणि म्हणाले, "मार बगू."

मी चिडून मारायला बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं... मरेना. उरलेल्या कडेच्या प्याद्याला वजीर व्हायला याच कोपऱ्यात यायला हवं होतं, पण कोपऱ्याचं घर पांढरं होतं आणि फिटरचा उंट चालत होता काळ्या घरांतून. त्या उंटाला माझ्या राजाला तिथून हुसकावता येणंच शक्य नव्हतं!

हे मला पुस्तकातून तोंडपाठ होतं हो. पण पुस्तकात राजा आधीपासूनच एकटा असतो. हातात घोडा आणि प्यादं असताना ते उधळून द्यायचं मला कसं सुचणार? ज्याच्या खेळात बुर्जीला मान आहे त्यालाच ते सुचलं. अंधार पडेपर्यंत आम्ही क्रम पक्का केला. आधी घोड्याने त्याचं आतलं प्यादं मारून मरायचं, मग माझ्या प्याद्यावर पाणी सोडायचं आणि राजाने धावायचं.

रविवारी पाकीट उघडलं, चाल तीच निघाली. मी घोडा देऊन आतलं प्यादं घेतलं तेव्हा हॉल चुकचुकला. फिटरने घोडा खाल्ला, चार चालींनी प्यादंही खाल्लं आणि अगदी सरळपणे विचारलं, "मॅडम, अब आपके पास बचा क्या है?"

"कोना," मी म्हटलं आणि राजा कोपऱ्यात ठेवला.

त्याने एकदा आपल्या उंटाकडे बघितलं, एकदा त्या घराकडे. मग हसला आणि बरोबरीसाठी हात पुढे केला. मागे साठे साहेब लोकांना समजावत होते की मी कालच म्हटलं होतं, यात काहीतरी आहे...

संध्याकाळी कप घेऊन घरी गेले. आईने तो शेजारणींना दाखवायला नेला, बाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "काय झालं?" एवढंच विचारलं.

"बुर्जी," मी म्हटलं.

त्यांनी जाळं बाजूला सारलं, आत गेले, फळीवरचा पट काढला आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "मांड."

सात वर्षांची माफी तोंडाने मागायला मला जमलं नाही. पहिली चाल माझी होती... मी प्यादं उचललं आणि एकच घर पुढे ठेवलं.