साळ्याचा कात्ता

माझ्या साळ्याइतका हट्टी माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल. असलाच तर त्याच्या घरच्यांची मला कीव येते. सिहोऱ्याकडे तलावात जाळं टाकणाऱ्या घरातला हा पोरगा. जपानला म्हाताऱ्या माणसांच्या सेवेच्या नोकरीवर जायचं त्याने ठरवलं आणि घराची शाळा झाली. आपण 'भाजी चांगली होती' म्हणतो तेव्हा 'चांगली' जागची हलत नाही, भूतकाळाचं ओझं 'होती' वाहते. जपानीत खुद्द विशेषणालाच मागे जावं लागतं: शेवटचा 'इ' काढायचा, 'कात्ता' जोडायचा. हे कळल्यापासून त्याने ऊन, पाणी, पाहुणे, सगळ्यांना कात्ता लावला. सासूबाईंनी भाजी कशी झाली विचारलं, तर चवदार होती म्हणायला हा ओरडला, "ओइशिकात्ता!" माउलीने घाबरून पाण्याचा गडवा पुढे केला. जाळं ओढताना "ओमोकात्ता, जड होतं!" म्हणाला, तेव्हा सासरे खेकसले, "अजून जडच आहे, हात लाव!"

नागपूरला मुलाखत होती त्या सकाळी मी त्याला मोटारसायकलवर घेऊन निघालो. निवडणुकीचे दिवस, भंडाऱ्याच्या अलीकडे नाकाबंदी. मी गाडी थांबवली, पण मागे डोळे मिटून बसलेल्याला पत्ताच नाही. "समुकात्ता! अत्सुकात्ता!" थंड होतं, गरम होतं, त्याची घोकंपट्टी चालूच.

हवालदाराने गाडीची किल्लीच काढून घेतली. "कोनता कट्टा? कोठं आहे?"

आमच्याकडे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. बॅग रस्त्यावर रिकामी झाली, मोबाइल जप्त झाला, आणखी दोन शिपाई आले. साळा हात जोडून नियम समजावू लागला. माझं लक्ष घड्याळाकडे. मुलाखतीला उशीर झाला की नाव कटणार होतं.

"खरं बोलून राहिला तं सांग," हवालदार म्हणाला. "थंड?"

"समुई. थंड होतं, समुकात्ता."

"महाग?"

"ताकाई. ताकाकात्ता."

"चांगलं?"

"ई."

"मंग चांगलं होतं म्हनजे ईकात्ता."

"नाही सायेब. योकात्ता."

हवालदाराचे डोळे बारीक झाले. "हे 'यो' कोठून आनलं? बनवून राहिला आमाले?"

मी साळ्याला चिमटा काढला. "म्हन ना ईकात्ता! काय बिघडते?"

"चुकीचं काहून म्हनू, भाऊजी? तिथंबी तेच तोंडातून निघन."

हवालदाराने वॉकीटॉकी तोंडाशी नेली. आणि हा शहाणा त्यालाच विचारतो, "सायेब, 'बस'चं 'बसला' होते. मंग 'जा'चं काय होते?"

"जा... जाला..." हवालदार अडकला. "गेला."

"हा 'गे' कोठून आला?"

मला वाटलं, आता कानाखाली बसते. एक शिपाई फिस्सकन हसला. हवालदाराने किल्ली आणि मोबाइल माझ्या हातात कोंबला. "घेऊन जा याले. जपानवाल्यायचंच डोकं खाऊ दे."

आम्ही धापा टाकत पोचलो, तेव्हा दार बंद होतच होतं. त्याची निवड झाली.

यंदा दिवाळीत त्याला जपानहून यायला सुट्टी मिळाली नाही. फोनवर सासूबाईंनी विचारलं, "करमते का बा तिथं?"

त्याने आधी घरच्या फराळाचं विचारलं. मग म्हणाला, "करमते ना, माय."

फोन ठेवून त्या कितीतरी वेळ पदराने त्याची काच पुसत बसल्या. "चुकीचं बोलत नाही म्हनते," त्या हळूच म्हणाल्या, "पन आता बोलला."