कोर दिसली का?

इंग्रजी तारखेशी एवढं उभं वैर धरलेला माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज अख्ख्या भूतलावर सापडायचा नाही. रिझर्व्हेशनच्या खिडकीवर कारकुनाने "कधीचं तिकीट?" विचारलं, तर मामा शांतपणे म्हणाले, "वैशाख वद्य पंचमी." मागच्या रांगेने शिव्या मात्र मला घातल्या. विजेचं बिल ते अमावास्या टळेपर्यंत भरत नसत आणि मीटर कापायला आलेल्या माणसाला चहा पाजून पंचांग उघडून दाखवत. त्यांचा स्वतःचा जन्म अधिक महिन्यातला, त्यामुळे वाढदिवस वर्षानुवर्षं उगवतच नसे. उगवला की तुंबलेले सगळे लाडू आम्हाला एका बैठकीत संपवावे लागत.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास या गृहस्थांनी मला, म्हणजे कंप्युटर शिकलेल्या जावयाला, धरलं. बदलापूरला त्यांचा वातींचा कारखाना होता. बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या वाड्यांतल्या बायका कापूस घरी नेऊन वाती वळायच्या आणि महिन्यातून एकदा माल देऊन पगार घेऊन जायच्या. मामांच्या मुलाने बजावलं होतं, "बाबा, कंप्युटरमध्ये तुमची तिथी बसली तर ठीक, नाहीतर यापुढे पगार एक तारखेला."

"जावईबापू, बीजेच्या दुसऱ्या दिवशी पगार. तेवढं बसवा," मामा म्हणाले. तेवढं! उल्हासनगरात जोडलेलं ते यंत्र आधीच घरघरत होतं. मी रविवारचे रविवार पंचांगातल्या तिथी त्यात कोंबत बसलो. एकच तिथी दोन दिवस आली की प्रोग्रॅम अडून बसायचा. मामा म्हणत, "तुमच्या ऑफिसात दोन जोशी नाहीत का?" अधिक महिना कुठे घुसवायचा या विवंचनेत मी जेवताना बायकोवर खेकसायला लागलो. खरं सांगतो, डोकं फुटायची वेळ आली होती.

आणि एका महिन्यात बीजेचाच क्षय झाला! पंचांगात प्रतिपदेनंतर थेट तृतीया. बीज नाही म्हणजे दुसरा दिवस नाही, म्हणजे पगार नाही, असा कंप्युटरने सरळ अर्थ लावला. सकाळी बायका गाठोडी घेऊन दारात, आणि पगाराची एकही चिठ्ठी छापलेली नाही.

"अवो मामा, काल कोर दिसली की आमाला!" पुढची म्हातारी ओरडली.

"तुला दिसली गं. जावईबापूंच्या यंत्राला खिडकी नाही," असं म्हणून मामा हाताने पगार वाटायला बसले.

मी भडकलो. "एक तारीख धरली तर तुमचं काय जातं हो?"

मामांचा हात थांबला. "यांच्या घरी कॅलेंडर नाही हो. एकदा दिवस चुकला, पोरं काखेला घेऊन डोंगर उतरून आल्या आणि तशाच परत गेल्या. तेव्हा आमच्या हिने सांगून टाकलं, आभाळात कोर दिसली की सकाळी या. आता ती नाही. तिचा शब्द मी कसा मोडू?"

मामींना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी सगळ्या तिथी पुसल्या आणि एकच प्रश्न ठेवला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत यायचं: कोर दिसली का? मामा संध्याकाळी गच्चीवर जायचे, खाली येऊन 'हो' दाबायचे, की चिठ्ठ्या छापल्या जायच्या. पावसाळ्यात ढग असले तर पंचांगावर विसंबून 'हो' दाबायचे आणि सायकल काढून वाड्यांत निरोप द्यायला निघायचे.

मामा गेले त्या महिन्यात एका संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. "दाजी, ते यंत्र विचारत बसलंय."

"एक तारीख करून देऊ?" मी विचारलं.

"थांबा जरा," म्हणून तो रिसीव्हर बाजूला ठेवून गेला. मी कानाला फोन लावून बसून राहिलो. बऱ्याच वेळाने जिन्यावरून चपला वाजल्या.

"दिसली," तो म्हणाला.