तापसचा गठ्ठा

"त्या गठ्ठ्यात काय असतं, ते सोमवारपर्यंत मला कळलं पाहिजे," प्रिन्सिपल म्हणाले. "नाही कळलं, तर त्या तापसचं नाव ठाण्यात कळवणार."

१९७१ साल होतं, नक्षलवाद्यांच्या धरपकडीचे दिवस. कलकत्त्यात तरुण पोरगा आणि हातात कागद, एवढं संशयाला पुरायचं. ठाण्यात गेलेला मुलगा घरी कधी परतेल, कोणी सांगू शकत नव्हतं.

मी कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवायचो. सोशल सर्व्हिसही माझ्याच गळ्यात होती. आमचे विद्यार्थी दर शनिवारी बागबाजारजवळच्या एका वस्तीत शाळकरी मुलांना वाचायला शिकवत आणि मी रिपोर्ट लिहीत असे. इतरांकडे दोन-तीन मुलं टिकायची, तापसकडे पंधरा. आम्ही दिलेली पुस्तकं मात्र त्याच्याकडे कोरीच. तो न्यायचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा. विचारलं तर म्हणायचा, "रद्दी आहे, सर." रद्दी कोण शिकवायला नेतं? मलाही तो लबाड वाटायला लागला होता, खोटं कशाला बोलू.

शनिवारी न कळवता तिथं गेलो. खोलीत मुलं गोल बसलेली, मधे खळीचं भांडं. ठोंगे चिकटवणं चाललं होतं. ठोंगा म्हणजे वाण्याकडची कागदी पिशवी. त्या वस्तीतली घरं त्यावरच चालत. गठ्ठ्यात खरंच जुनी बंगाली वर्तमानपत्रं होती. नियम एवढाच, की कागद दुमडण्याआधी त्यावरचं काहीतरी मोठ्यानं वाचायचं. आठ वर्षांची बुलू बाजारातले माशांचे भाव वाचत होती, ओळीवर बोट न ठेवता.

"मला सांगितलं का नाहीस?" मी तापसला विचारलं.

"पुस्तकाबाहेर शिकवायचं नाही, हा तुमचाच नियम, सर. आणि पोरांचे हात रिकामे दिसले की आया त्यांना उठवून नेतात."

मला शरम वाटली. सोमवारी सगळं लिहून दिलं. प्रिन्सिपलनी नाव कळवलं नाही, पण तापसनं यापुढे गठ्ठा न्यायचा नाही असं बजावलं. मग तो मी न्यायचं ठरवलं. चष्मेवाल्या, टक्कल पडलेल्या मास्तरावर कोण संशय घेणार?

पहिल्याच शनिवारी कोपऱ्यावरच्या शिपायानं हटकलं. गठ्ठ्यात काय आहे?

"रद्दी," मी म्हणालो.

मी तापसकडे बघायचो, अगदी तसंच त्यानं माझ्याकडे बघितलं. भर रस्त्यात उकिडवं बसून मी गाठ सोडली, एकेक कागद दाखवला, गठ्ठा पुन्हा बांधला. तेव्हापासून कुणाबद्दल मत बनवायचं झालं, तर मी आधी सुतळी सोडून बघतो.